अंगणातले कासव आणि डिसेंबरचा गारठा

आज रात्री त्याला ऊब द्या, उद्या सकाळी त्याला योग्य हाती सोपवा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली मंडळी घरी परततात आणि थंडीचा कडाका सुरू होतो. विदर्भात, खानदेशात आणि नाशिक-निफाडच्या पट्ट्यात तर हाडे गोठवणारी थंडी पडते. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घोंगडी, लेकरांना स्वेटर-कानटोपी, शेळीच्या करडांना गोणपाट असा ज्याचा त्याचा बंदोबस्त आपण करतो. परंतु मोरीजवळच्या टोपल्याखाली, नाहीतर अंगणातल्या प्लास्टिकच्या टबात एखादा मुका जीव असतो, त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. तो जीव म्हणजे कासव.

आमच्या वस्तीत कासव कुठले, असे काही वाचक म्हणतील. पण जरा चौकशी करून पाहा. कोणाला कालव्याच्या खोदकामावर सापडलेले असते, कोणाला मासे धरताना जाळ्यात आलेले असते, कोणी आठवडी बाजारातून मुलांच्या हट्टासाठी आणलेले असते. आणि कोणी, हे सांगताना वाईट वाटते, ‘घरात बरकत येते’ म्हणून पैसे मोजून घेतलेले असते.

हा लेख कासव पाळायला शिकवण्यासाठी नाही. आपल्याकडची देशी कासवे घरात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु गुन्हा आहे एवढे म्हटल्याने टबातल्या कासवाची थंडी जात नाही. ज्यांच्या घरी ते आज आहे, त्यांना दोन गोष्टी माहीत असणे जरूर आहे. पहिली, आजची रात्र त्याला जगवायचे कसे. आणि दुसरी, त्यानंतर त्याला कोणाच्या हाती द्यायचे.

पाठीवरचे घर म्हणजे पांघरूण नव्हे

मुलांना वाटते, कासवाच्या पाठीवर एवढे जाड घर आहे, त्याला कसली थंडी? मोठ्यांनाही तसेच वाटते. ही समजूत चुकीची आहे. कासवाची ढाल ही अंगावर चढवलेली वस्तू नसून त्याच्या शरीराचाच भाग आहे. त्याचा कणा आणि बरगड्या त्या ढालीला आतून जोडलेल्या असतात. बहुतेक कासवांत वरचा थर आपल्या नखांसारख्या पदार्थाचा आणि त्याखाली जिवंत हाड असते. त्या हाडाला रक्त पोचते, त्याला स्पर्श कळतो, दुखते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपण जे अन्न खातो त्याचा मोठा वाटा शरीर ३७ अंशांच्या आसपास गरम राखण्यात खर्च होतो. आपल्या अंगात जणू भट्टी पेटलेली असते. गोधडी ऊब तयार करीत नाही, आपल्याच अंगची ऊब धरून ठेवते. कासव हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या अंगात अशी भट्टी नाही. बाहेर १० अंश असतील, तर काही तासांनी त्याचे अंगही तेवढेच थंड होते. म्हणून गारठलेल्या कासवाला नुसते गोधडीत गुंडाळून उपयोग होत नाही. बर्फवाला बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकतो, ते बर्फ गरम व्हावा म्हणून टाकीत नाही. आधी बाहेरून ऊब दिली पाहिजे, आणि मग ती धरून ठेवली पाहिजे.

रानात कासव आपली सोय आपणच करते. सकाळी उन्हात येऊन बसते, दुपारी झुडपाच्या सावलीला जाते, रात्री गवताच्या बुडाशी शिरते. पाण्यातले कासव काठावर ऊन खाते आणि थंडी वाढली की खोल पाण्यात, चिखलात जाते. उन्हाकडे चालत जाणे हीच त्याची शेकोटी. त्याला टबात घातले, टोपल्याखाली झाकले, की हे चालणे आपण बंद करतो. मग त्याच्या थंडीची जबाबदारी आपल्यावर येते.

आपल्या घरातले कासव कोणते?

ऊब कशी द्यायची हे कासवाच्या जातीवर अवलंबून असते, म्हणून आधी ते ओळखावे.

जमिनीवरचे तारा कासव, ज्याला विकणारे ‘स्टार कासव’ म्हणतात, ते घुमटासारख्या उंच पाठीचे असते. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात आणि पाय हत्तीच्या पायासारखे जाड असतात. गुजरात, राजस्थान, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू येथील कोरड्या, काटेरी माळरानांत ते राहते. आपल्याकडे शहरांत दिसते ते बहुतेक चोरट्या व्यापारातून आलेले असते. हे कासव पाण्यात पोहत नाही. त्याला टबभर पाण्यात ठेवले तर ते बुडून मरते.

तळ्यानाल्यातले मऊ पाठीचे कासव चपटे असते, पाठ कातड्यासारखी गुळगुळीत, नाक नळीसारखे पुढे आलेले आणि प्रत्येक पायाला तीनच नखे. आपल्या खेड्यापाड्यांत सापडते ते बहुधा हेच. काळ्या, कठीण पाठीचे आणखी एक पाण्यातले कासवही आपल्याकडे आढळते.

तिसरे म्हणजे दुकानात काचेच्या पेटीत विकतात ते हिरवे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले छोटे कासव. ते मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, आपल्या देशातले नव्हे. रुपयाएवढे दिसते म्हणून लोक घेतात आणि काही वर्षांत ते जेवणाच्या ताटलीएवढे होते.

गारठलेले की मेलेले?

मागच्या हिवाळ्यात महिला मंडळाची बैठक आटोपल्यावर एक ताई थांबून म्हणाल्या, “भाऊ, आमचं कासव चार दिवसांपासून मानच बाहेर काढत नाही. मेलं का झोपलं ते तरी पाहा. सासूबाई म्हणतात, पुरून टाका.” घराबाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर टब होता. टबात बोटभर पाणी, आणि ते हात लावताच झिणझिण्या याव्यात इतके थंड. कासव चांदण्यांच्या पाठीचे, म्हणजे जमिनीवरचे. ते मेलेले नव्हते. पाय हलकेच ओढल्यावर त्याने तो किंचित आत घेतला. आणखी दोन रात्री गेल्या असत्या तर सासूबाईंचे म्हणणे खरे झाले असते.

गारठलेले कासव मेल्यासारखेच दिसते. म्हणून ते हळूहळू ऊबेत आणून पाहिल्याशिवाय मेले असे समजू नये, पुरू नये आणि उकिरड्यावर टाकू नये.

थंडी बाधल्याची लक्षणे अशी असतात. कासव खाणे सोडते. दिवसाही डोळे मिटून बसते, डोळ्यांच्या पापण्या सुजतात. नाकातून पाणी किंवा बुडबुडे येतात. तोंड उघडून, मान लांब करून श्वास घेते, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो. पाण्यातले कासव एका बाजूला कलून तरंगते. शेवटच्या तीनपैकी एकही लक्षण दिसले तर ते न्यूमोनियाचे असू शकते. कासवाला आपल्यासारखे खोकता येत नाही. त्यामुळे छातीत साचलेला कफ बाहेर पडत नाही आणि साधी वाटणारी सर्दी जिवावर बेतते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आजची रात्र कशी काढावी

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे कासवाला जागा कुठून आणायची? त्यामुळे बहुतेक घरांत ते बाहेर ओसरीवर, अंगणात किंवा जिन्याखाली असते. बाहेर ठेवूनही त्याची सोय करता येते. खर्च फारसा नाही.

जमिनीवरच्या कासवासाठी फळवाल्याकडची लाकडी पेटी किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या. तो थेट जमिनीवर किंवा फरशीवर ठेवू नका. खाली चार विटा, त्यावर फळी आणि त्यावर खोका, असे करा. थंडी वरून येते त्यापेक्षा खालच्या फरशीतून जास्त भिनते. खोक्यात वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या आणि त्यावर वीतभर कोरडे गवत किंवा तणीस घाला. ओले गवत मुळीच नको. गारवा आणि ओल एकत्र आली, की न्यूमोनियाला आमंत्रणच. खोक्याचे तोंड भिंतीकडे किंवा पूर्वेकडे करा, म्हणजे उत्तरेचा वारा आत शिरणार नाही. बाहेरून सर्व बाजूंनी गोणपाट गुंडाळा, वर प्लास्टिकचा कागद टाका, म्हणजे दव पडून ओल येणार नाही. हवेसाठी दोन-चार भोके अवश्य ठेवा.

आता ऊब. हाताला सोसेल एवढे गरम पाणी दोन बाटल्यांत भरा, झाकणे घट्ट लावा, बाटल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. एकाच बाजूला का? कासवाला जास्त गरम वाटले तर दुसरीकडे सरकता आले पाहिजे. निजण्यापूर्वी एकदा आणि पहाटे चारच्या सुमारास एकदा पाणी बदला. रात्रीपेक्षा सूर्य उगवण्याच्या आधीची वेळ सर्वांत थंड असते. खोक्यात साधारण २० अंशांच्या आसपास ऊब राहिली, की तारा कासवाची रात्र सुखरूप जाते.

काही जण बल्ब लावतात. हल्लीच्या एलईडी बल्बने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा पिवळा बल्ब ऊब देतो, परंतु गवत, पुठ्ठा आणि गोणपाट यांच्याजवळ तो ठेवणे म्हणजे आगीशी खेळ आहे. पत्र्याच्या आणि फळ्यांच्या घरांची वस्ती असेल तर बल्बच्या नादी लागू नका. बाटल्या पुरेशा आहेत.

खोक्यावर जाळी किंवा जड झाकण ठेवायला विसरू नका. थंडीने सुस्त झालेल्या कासवाचे पाय आणि शेपूट उंदीर-घुशी कुरतडतात, तेव्हा त्याला हलताही येत नाही. कुत्र्यांचेही भय असते.

सकाळी नऊच्या सुमारास ऊन तापू लागले, की पसरट घमेल्यात कोमट पाणी घ्या. बाळाच्या आंघोळीचे पाणी कोपराने पाहतो, तसेच पाहा. पाणी कासवाच्या हनुवटीच्या खाली राहील एवढेच असावे. त्यात त्याला पंधरा-वीस मिनिटे बसवा. ते पाणी पिते, अंगही ऊबेत येते. मग फडक्याने कोरडे करून दोन तास उन्हात सोडा आणि शेजारी सावलीही ठेवा. ऊन खिडकीच्या काचेतून आलेले नको, थेट हवे. उन्हातल्या ज्या किरणांमुळे अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते काचेतून फारसे येत नाहीत, आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय कासवाची हाडे आणि ढाल मऊ पडते.

अंग ऊबेत आल्यावरच खायला द्या. गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही, तिथेच कुजते. जमिनीवरच्या कासवाला हराळी, इतर कोवळे गवत, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले द्यावीत, तीही सकाळी. भात, पोळी, बिस्किट, दूध यांपैकी काहीही देऊ नये.

पाण्यातल्या कासवाचा टब ओट्यावरून उचलून भिंतीच्या आडोशाला, फळीवर ठेवा. नळाचे ताजे गार पाणी ओतू नका, दुपारी उन्हात ठेवलेले पाणी घाला. त्यात एक सपाट वीट ठेवा, म्हणजे त्याला वर येऊन ऊन खाता येईल. रात्री टबावर फळी टाकून गोणपाटाने झाका, फट ठेवा.

हे मुळीच करू नका

कासवाला शेगडीजवळ, चुलीच्या वैलाजवळ किंवा तापल्या विटेवर ठेवू नका. ढाल लवकर तापल्याचे कळत नाही आणि पोटाकडून भाजते. बंद खोलीत शेगडी पेटवून सगळ्यांनीच झोपू नये, कारण त्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो आणि दर हिवाळ्यात त्याने माणसेही दगावतात. गारठलेल्या कासवावर एकदम गरम पाणी ओतू नका. पाठीला गरम तेल, बाम, हळद चोळू नका. तोंड उघडून चहा, ब्रँडी, काढा पाजू नका. तो छातीत जातो. पाठीवर शेंदूर, कुंकू किंवा ऑईलपेंट लावलेला असेल तर पुन्हा लावू नका; ढालीवर ऊन पडू द्या.

आणखी एक इशारा. मोबाईलवरच्या विलायती चित्रफिती पाहून काही तरुण कासवाला हिवाळाभर झोपवण्यासाठी फ्रीजमध्ये ठेवण्याच्या गोष्टी करतात. ते कासव वेगळे. भूमध्य समुद्राकाठची कासवे थंडीत जमिनीत गाडून घेऊन महिनोन्‌महिने झोपतात. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याच्या बागेत टिमथी नावाचे असेच एक कासव होते. त्याने त्याच्या निजण्या-उठण्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात आल्या. त्या कासवाची ढाल लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. आपले तारा कासव अशी दीर्घ झोप घेत नाही. थंडीत ते मंद होते एवढेच. त्याला फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे त्याचा जीव घेणे.

बरकत कोणाची आणि मरण कोणाचे?

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. आपल्या घरात कासव येते कुठून? माणसाच्या मनात घर करून बसलेल्या जुन्या समजुतींतून येते. विष्णूने कासवाचा अवतार घेतला, म्हणून कासव शुभ. देवळाच्या दारात दगडी कासव असते, म्हणून घरातही हवे. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांनी अवतार नाकारले. त्यांच्या नातवंडांच्या बोटात आज कासवाची अंगठी दिसते, टेबलावर काचेच्या भांड्यात धातूचे कासव दिसते. अंगठीने फक्त खिशाला खार लागतो. जिवंत कासवाचा मात्र जीव जातो.

याहून भयंकर प्रकार ‘वीस नखी’ कासवाचा. वीस किंवा एकवीस नखांचे कासव असेल तर पैशांचा पाऊस पाडता येतो, गुप्तधन सापडते, असे सांगून भोंदू लोक आपल्या महाराष्ट्रात गरिबांना लुबाडतात. हिशेब करून पाहा. तारा कासवाच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार नखे, म्हणजे सगळी मिळून अठरा. एखाद्याला दोन जास्त असली तर ते एखाद्या माणसाला सहा बोटे असावीत तसे. सहा बोटांच्या माणसाच्या हातून कधी पैशांचा पाऊस पडला आहे काय? पडला असता तर कासव विकणाराच तो आपल्या घरात पाडून घेता, तुमच्या दारात कशाला आला असता? कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण ठेवून असे कासव घेणाऱ्यांच्या पदरी शेवटी काय पडते? कर्ज, मेलेले कासव आणि पोलिसांचा ससेमिरा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा भोंदूंसाठीच आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. फसवणूक झाली असेल तर लाजून गप्प बसू नये, तक्रार करावी.

अंधश्रद्धा बौद्ध म्हणवणाऱ्या देशांतही शिरते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. थायलंडमध्ये ओमसिन नावाची एक समुद्री कासवीण एका हौदात होती. नशीब फळफळावे म्हणून लोक त्या हौदात नाणी टाकीत. २०१७ मध्ये बँकॉकच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तिच्या पोटातून ९१५ नाणी काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती मेली. नाणी टाकणाऱ्यांपैकी कोणालाही तिचे वाईट करायचे नव्हते. प्रत्येकाला फक्त आपले भले हवे होते.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. मऊ पाठीचे कासवही त्याच अनुसूचीत आहे. या अनुसूचीतला प्राणी पकडणे, विकणे, विकत घेणे यासाठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. तारा कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून कडक बंदी आहे. मोठे मासे यात सुटतात आणि टोपलीत दोन कासवे घेऊन बसलेला गरीब पकडला जातो, हा अनुभव नवा नाही. म्हणूनच आपल्या माणसांनी या धंद्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

कासव सापडले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवावे, असे हा कायदा सांगतो. वनविभागाची १९२६ या क्रमांकाची हेल्पलाईन आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्याला बावधनला जखमी व सापडलेल्या वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत.

“भाऊ, पाच वर्षांपासून घरात आहे, आता नेऊन दिलं तर आम्हालाच आत टाकतील,” असे पुष्कळ जण म्हणतात. ही भीती खोटी म्हणता येत नाही. परंतु धाड पडून लपवलेले कासव सापडणे आणि आपण होऊन ते नेऊन देणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकट्याने जाऊ नका. विहार समितीचा कार्यकर्ता, ओळखीचे वकील किंवा वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा माणूस सोबत घ्या. कासव कधी, कुठे, कसे मिळाले हे खरे खरे लिहून अर्जाच्या दोन प्रती करा, एक तिथे द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या आणि ती पोच जपून ठेवा.

दुकानातले लाल पट्ट्याचे कासव विदेशी असल्यामुळे या अनुसूचीत येत नाही. ज्यांनी घेतले असेल त्यांनी ते नीट सांभाळावे, वर सांगितलेली थंडीतली काळजी त्यालाही लागू आहे. नव्याने घेऊ नये.

नदीत सोडणे म्हणजे सुटका नव्हे

कटकट नको म्हणून रात्री अंधारात कासव नाल्यात सोडून देणारेही आहेत. कोणी बुद्ध पौर्णिमेला पुण्य म्हणून सोडतात. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. माळरानावरचे तारा कासव नदीत सोडले तर ते बुडते. लाल पट्ट्याचे विदेशी कासव तळ्यात सोडले तर ते देशी कासवांचे अन्न आणि ऊन खायची जागा बळकावते. काही पूर्वेकडच्या देशांत पुण्यासाठी सोडलेल्या अशाच कासवांनी तळी भरली आहेत. शिवाय डिसेंबरच्या रात्री, घरात अशक्त झालेला प्राणी गार पाण्यात टाकला तर तो सकाळ पाहीलच असे नाही. सोडायचे कुठे, केव्हा आणि कोणत्या प्रकृतीत, हे जाणकारांनी ठरवायचे असते.

मुलांना काय सांगायचे?

सर्वांत अवघड काम हेच आहे. मुलांनी त्याला नाव ठेवलेले असते, शाळेतून आल्यावर ती आधी टबाकडे धावतात. “आपले कासव का द्यायचे?” असे रडून विचारतात. त्यांना रागावू नका आणि खोटेही सांगू नका. मिळून खोका तयार करा, बाटल्यांना कापड गुंडाळण्याचे काम त्यांना द्या, कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला लावा. कासवाच्या अंगावर जुलाब-तापाचे जंतू असतात. अमेरिकेत याच कारणाने चार इंचांहून लहान कासवे विकायला १९७५ पासून बंदी आहे. आणि सोपवायला जाताना मुलांनाही बरोबर न्या. त्यांच्या मनात चोरीची भावना राहणार नाही, चांगले काम केल्याची राहील.

त्यांना आपला इतिहासही सांगा. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ व्या वर्षी कोरवून घेतलेल्या पाचव्या स्तंभलेखात, मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे, तीत कासवेही आहेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने कासवाची आठवण ठेवली. संयुत्त निकायात नदीकाठच्या कासवाची उपमा आहे: कोल्हा आला, की ते मान आणि चारही पाय ढालीत ओढून घेते आणि कोल्हा वाट पाहून निघून जातो. भिक्खूंनी आपली इंद्रिये तशी सांभाळावीत, असे तथागत त्यातून सांगतात. ही गोष्ट रविवारी विहारात लेकरांना सांगण्यासारखी आहे.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांविषयी, मैत्री मात्र त्याहून मोठी, ती सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोचते. पाळीव प्राण्यावर आपण माया करतो, पण त्या मायेत ‘माझे’ हा शब्द असतो. मैत्रीत तो शब्द गळून पडतो. कासव माझ्या अंगणात असावे असे न वाटता, ते त्याच्या माळावर उन्हात बसलेले असावे असे वाटणे, ही मैत्री.

थंडी अजून दोन महिने आहे. आपल्या गल्लीत, शेजारात कोणाच्या ओसरीवर टब किंवा उपडी टोपली दिसली तर जरा विचारा. महिला मंडळाच्या बैठकीत, विहारातल्या वंदनेनंतर पाच मिनिटे हा विषय काढा. ज्यांच्याकडे कासव असेल त्यांना नावे ठेवू नका, आज रात्रीपुरता खोका आणि दोन बाटल्या तयार करून द्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत वनविभागाच्या कचेरीपर्यंत चला. एकट्या माणसाला त्या कचेरीची पायरी चढायला भीती वाटते, सोबत चार माणसे असली की वाटत नाही.